वाचून दाखवले, समजावून सांगितले

मी वकील आहे. पण कोर्टात मला बोलताना कुणीही ऐकलेलं नाही. अडुसष्ट साली सनद मिळाली आणि पहिल्याच जामीन अर्जावर उभा राहिलो तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. घसा कोरडा पडला नव्हता, भीतीही फारशी वाटत नव्हती, नुसतं काही बाहेर येईना. न्यायाधीश थांबले, सरकारी वकील थांबला, पट्टेवाला टक लावून बघायला लागला. शेवटी शेजारी बसलेले ज्येष्ठ वकील बाळाजीपंत उठले. माझ्या हातातला कागद काढून घेऊन त्यांनी तो जसाच्या तसा वाचला आणि जामीन झाला. व्हरांड्यात आल्यावर ते म्हणाले, "शामराव, तुम्ही लिहीत जा. बोलायचं मी बघतो."

खरं तर मला अपमान वाटायला हवा होता. वाटला नाही. मेन रोडवरच्या त्यांच्या ऑफिसात आतल्या खोलीत मला एक टेबल मिळालं, एक रेमिंग्टन टाइपरायटर मिळाला आणि मी लिहायला लागलो. नाशिकच्या सेशन कोर्टातले लेखी युक्तिवाद मी लिहायचो आणि मुंबईला हायकोर्टात जाणारी अपिलंही मीच लिहायचो. खाली सही बाळाजीपंतांची. न्यायाधीश त्यांना म्हणायचे, तुमचं लिखाण वाचलं की समोरच्याचं ऐकावंसंच वाटत नाही. बाळाजीपंत ते मला येऊन सांगायचे, आणि मी मान हलवून पुढचा कागद रोलरवर चढवायचो.

पक्षकार मी बघत नसे. बघून काय करायचं? पक्षकार रडतो, भलतंच सांगतो, एकच गोष्ट चार वेळा सांगतो. कागद रडत नाही. साक्षीपुरावा, पंचनामा, डॉक्टरचा दाखला एवढं समोर असलं की माझं काम चालायचं. काही सही-अंगठा लागला तर आमचा कारकून रावजी शाईचं पॅड घेऊन तुरुंगात जाऊन यायचा.

प्रत्येक प्रतिज्ञापत्राच्या खाली एक ओळ असते. वरील मजकूर पक्षकारास वाचून दाखवला, समजावून सांगितला, तो खरा असल्याचे त्याने कबूल केले. ही ओळ मी आधीच टाइप करून ठेवायचो. वाचून कुणी दाखवत नसे. रावजी म्हणायचा, "साहेब, इंग्रजी मजकूर, मी काय वाचून दाखवणार? मलाच कुणीतरी वाचून दाखवा." माझा थोरला भाऊ पंचवटीत यजमानांची कामं करतो. तो संस्कृत म्हणतो, मध्येच थांबून 'मम म्हणा' म्हणतो, की यजमान 'मम' म्हणतो. आमच्याकडे मम अंगठ्याने म्हणायचं, इतकाच काय तो फरक. नाशिकच्या साऱ्या वकिलांच्या बारमध्ये असंच चालायचं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मलाही वाटलं नाही.

चिमणाबाईची केस पंचाहत्तर साली आली. घोटीच्या पलीकडच्या एका वाडीतली बाई, वय सत्तावीस. नवरा पुंजा भरदुपारी घरात झोपलेला असताना डोक्यात मुसळ घालून मारला गेला. घरात दुसरं कुणी नव्हतं. पोलीस पाटलाची साक्ष अशी होती की, तो तिथं पोचला तेव्हा ही दाराच्या उंबऱ्यात सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. त्यानं विचारलं, काय झालं, तर वर बघितलं नाही. तांदूळ आधीच निवडलेले होते, त्यात खडा नव्हता, तरी ती निवडतच होती. दोन-तीन तास ती अशी बसली असावी, असं त्याचं म्हणणं.

बाळाजीपंतांनी तिला कोर्टाच्या व्हरांड्यात पाच मिनिटं बघितलं. "काही बोलायचं नाही बाई. काही विचारलं तर माहीत नाही म्हणायचं," असं सांगून ते आत गेले. तिनं तसंच केलं. न्यायाधीशांनी तेवीस प्रश्न विचारले आणि तेवीसही वेळा ती म्हणाली, माहीत नाही.

लेखी युक्तिवाद मी लिहिला. त्यात ते तांदूळ मी फार छान वापरले. ज्या बाईनं नुकताच नवऱ्याचा जीव घेतला, ती उंबऱ्यात शांतपणे तांदूळ निवडत बसेल काय? तिला आत काय झालंय याची गंधवार्ताही नव्हती, हेच यातून सिद्ध होते. बारा पानं झाली. न्यायाधीशांनी त्याचं कौतुक केलं आणि चिमणाबाईला जन्मठेप दिली.

मग अपील. बाळाजीपंत म्हणाले, "शामराव, केली नाही हे आता चालायचं नाही. दुसरं काहीतरी बघा."

दोन वाटा होत्या. एक, सदोष मनुष्यवध. त्यात शिक्षा कमी झाली असती. पाच वर्षं, फार तर सात. त्यासाठी नवरा तिला छळत होता असा पुरावा लागला असता आणि कागदात तो नव्हता. कुणी विचारलाच नव्हता. दुसरी वाट म्हणजे वेड. त्याला पुरावा भरपूर. निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडणारी, माणूस समोर उभा असून वर न बघणारी, तेवीस वेळा माहीत नाही म्हणणारी. त्याच साक्षी, तेच पंचनामे. मी सगळं पालथं केलं, तर पलीकडच्या बाजूनं ते जास्तच शोभून दिसलं. शिवाय तिच्या नावानं एक प्रतिज्ञापत्र लिहिलं: मला त्या वेळचं काही आठवत नाही, माझ्या डोक्यात आवाज येत होते, मी कुणालाही ओळखत नव्हते. रावजी तुरुंगात गेला, अंगठा घेऊन आला. ती ओळ मी आधीच टाइप केलेली होती.

अठ्ठ्याहत्तर साली अपील मंजूर झालं. कृत्य तिच्या हातून घडले, परंतु त्या वेळी ती वेडाच्या भरात असल्याने निर्दोष. निकालपत्रात माझे दोन परिच्छेद जवळजवळ शब्दशः होते. बाळाजीपंतांनी बारमध्ये पेढे वाटले. मला दोन दिले.

निकालाच्या शेवटी एक छोटी ओळ होती. आरोपीस सुरक्षित ताब्यात ठेवावे. नातेवाईक किंवा मित्र जबाबदारी घेण्यास पुढे आल्यास शासनाने विचार करावा. कायदाच तसा आहे. वेडा म्हणून सुटलेला माणूस घरी जात नाही, इस्पितळात जातो, आणि न्यायला कुणी आलं नाही तर तिथंच राहतो. त्याला मुदत नसते. मला ते ठाऊक होतं. कुणीतरी येईल, असं मी धरून चाललो. खरं सांगायचं तर तेवढंही धरलं नाही. फाइल बांधली आणि दुसरी घेतली.

सहा वर्षांनी, चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत, एक पोस्टकार्ड आलं. घाटाखालच्या सरकारी मनोरुग्णालयातून अंबूबाई नावाच्या आयाबाईनं लिहिलेलं. अक्षर मोठं, शाळकरी. चिमणाबाई बरी आहे, पहिल्यापासून बरीच आहे, तिला कागद लिहून पाहिजे, ज्यांनी आधी लिहिलं त्यांनीच यावं.

मी ते बाळाजीपंतांना दाखवलं. ते आता थकले होते, तरी कोर्टात जात होते. "जिंकलेल्या केसच्या मागं जाऊ नये शामराव," ते म्हणाले. "टाकून द्या." मी तेच करणार होतो. मग का गेलो ते मला सांगता येत नाही. दया आली वगैरे काही नव्हतं. सुट्टीचा दिवस होता आणि ज्यांनी आधी लिहिलं, असं मला उद्देशून त्याआधी कुणी लिहिलं नव्हतं, एवढंच.

इस्पितळाच्या भेटीच्या खोलीत दोन बाकं होती. अंबूबाई तिला घेऊन आली. जिच्यावर मी पानंच्या पानं लिहिली, ती बाई मी पहिल्यांदा बघत होतो. उंच होती. कागदावर मी तिला नेहमी लहानखुरी धरलं होतं.

"तुमी लिवलं का, मी येडी हाय म्हणून?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता.

"हो."

"मी येडी नव्हते. डोस्क्यात आवाज का काय ते मला इथं डाक्टरनं सांगितलं. मी म्हणलं, मी कवा म्हणले? तर म्हणला, तुझाच अंगठा हाय."

मी समोरच्या बाकाकडे हात केला, ती बसली.

मग तिनं सांगितलं. तिची मुलगी मंगल, तेव्हा नऊ वर्षांची. आता सतरा सरून अठरावं. निवृत्ती म्हणजे पुंजाचा थोरला भाऊ, त्यानं तिला सांभाळलं. मंगलला बघायला दोन ठिकाणची माणसं आली आणि दोन्हीकडून एकच निरोप: पोरगी चांगली हाय, पन आईला येड व्हतं, उद्या हिला लागलं तर? आता तिसरं स्थळ इगतपुरीचं होतं. मुलगा रेल्वेत. तेही तिथंच अडलं होतं. अंबूबाईचं माहेर घोटीचं, म्हणून हे चिमणाबाईपर्यंत पोचलं.

"मला सोडवा म्हणत नाय मी," चिमणाबाई म्हणाली. "मला कागद द्या. मी येडी नव्हते असा. त्येनला दाखवाया."

मी तिला समजावलं की निकाल आता फिरत नाही. सहा वर्षं झाली, तशी तरतूद नाही. एकदा निर्दोष ठरलेल्याला त्याच गुन्ह्यात पुन्हा खेचत नाहीत, तेव्हा खरं सांगितलं तरी फाशी-जन्मठेपेची भीती नाही. पण कोर्ट तुला शहाणी होतीस म्हणून दाखला देणार नाही.

"कोर्टाचा नको. ज्यानं येडी केली त्येचा द्या."

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो. बरोबर स्टॅम्पपेपर, पेन. मी माझ्याच नावानं प्रतिज्ञापत्र करणार होतो: पहिला मजकूर मी रचला, पक्षकाराला कधी भेटलो नव्हतो, वाचून दाखवला ही ओळ खोटी आहे. त्याला जोडून तिचा खरा जबाब. असं लिहून देणाऱ्याची सनद जाऊ शकते. ते मला कळत होतं, आणि दात बधिर केल्यावर दंतवैद्य खटपट करतो ते जसं कळतं, तसंच कळत होतं.

"त्या दिवशी काय झालं ते सांगा," मी म्हणालो.

तिनं सांगितलं. सकाळी भाकरीला उशीर झाला. पुंजानं मंगलला एका पायाला धरून विहिरीवर उलटी लोंबती धरली. टाकू का, टाकू का, असं विचारत राहिला. मग आणून आपटली. चिमणाबाईनं पोरीचं अंग चोळलं, वेणी घातली, शाळेत पाठवली. दुपारी तो पिऊन झोपला.

मी मराठीत लिहीत गेलो. एक पान झाल्यावर थांबलो आणि तिला वाचून दाखवायला लागलो. दुसऱ्याच ओळीला आवाज गेला. अडुसष्ट सालासारखाच. ती आणि अंबूबाई दोघी बघत राहिल्या. तेव्हा थांबलेल्या न्यायाधीशांना होती तशी घाई मात्र त्यांना नव्हती. अंबूबाईनं पाणी आणलं. मग मी हळूहळू वाचलं.

"'असहाय अबला' म्हंजी काय?" चिमणाबाईनं विचारलं.

"म्हणजे तुमचा काही इलाज नव्हता असं."

"काढा ते. व्हता इलाज. मुसळ व्हतं."

मी खोडलं.

"'क्षणिक संतापाच्या भरात' लिवलंय ते बी काढा. क्षणिक नाय. सकाळधरनं ठरवलं व्हतं. त्यो निजायची वाट बघत व्हते."

"बाई, हे असं लिहिलं तर वाईट दिसतं."

"दिसू द्या. भरात म्हणलं की पुन्ना येडच आलं की."

मी खोडलं. तिनं 'दुर्दैवी' काढायला लावलं, 'मातृहृदय' काढायला लावलं. "हे कोण बोललं? मी तर नाय बोलले." मी पंधरा वर्षं ज्या शब्दांवर जगलो, ते एकेक करून खाली पडत गेले. पानाचं अर्धं पान राहिलं.

मग तांदळांची गोष्ट आली. मी विचारलं, निवडलेले तांदूळ पुन्हा का निवडत होतात?

ती माझ्याकडे बघायला लागली. एवढंही कळत नाही का, असं.

"मंगल शाळंतनं यायची व्हती. घरात शिरली असती तर बापाला तसा बघितलं असतं तिनं. म्हणून उंबऱ्यात बसले. नुसतं कसं बसायचं? सूप घेतलं. ती आली, तिला म्हणलं, आत यायाचं नाय, काकूकडं जा. पाटलाकडं बघितलं नाय कारण वाटंकडं बघत व्हते. ती पुन्ना माघारी आली तर?"

त्या तांदळांवर मी दोन कोर्टांत मिळून एकोणीस पानं लिहिली होती. ही आठ छोटी वाक्यं होती. मी ती तशीच उतरवून घेतली.

सगळं पुन्हा वाचून दाखवलं. तिनं ऐकलं, "आता माझं हाय," म्हणाली आणि अंगठा दिला. माझ्या प्रतिज्ञापत्राखाली मी सही केली.

घोटीपलीकडच्या वाडीत निवृत्तीच्या घरी मी गेलो तेव्हा इगतपुरीचे पाहुणे, म्हणजे मुलाचे वडील, आलेले होते. तशीच वेळ ठरवली होती. मी ओटीवर बसलो, कागद मांडीवर घेतला आणि मान खाली घालून वाचला. आधी माझं, मग तिचं अर्धं पान. आवाज टिकला. मुलाच्या वडिलांनी सारं ऐकून घेतलं आणि निवृत्तीकडे बघितलं. पुंजा हा निवृत्तीचा सख्खा भाऊ. त्याच्या घरात बसून मी त्याच्या भावाचं हे असं वाचत होतो.

"इहिरीचं खरंय," निवृत्ती म्हणाला. "मी मोटंपाशी व्हतो. मला जवळ जाया धीर झाला नाय. लय दारू पेलेला व्हता."

"मग कोर्टात बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"कुणी इचारलं?" तो म्हणाला. "भाऊ गेला का, तर गेला. प्रेत तुझ्या भावाचं का, तर व्हय. एवढंच इचारलं."

मुलाच्या वडिलांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग ते सावकाश म्हणाले, "पोरीसाठी केलं म्हंजी डोकं ठिकाणावर व्हतं. येड रक्तात उतरतं, ह्ये काय उतरत नाय. आमची हरकत मिटली." मी कागद घडी केला. ते पुढं म्हणाले, "पन एक हाय वकीलसाहेब. बाई भाईर येता कामा नये. उद्या ती आमच्या दारात उभी ऱ्हायली, तर मी भावकीला काय सांगू, इहीण नवरा मारून आली म्हणून? ती तिथंच ऱ्हाईल असं तिचं लिहून आना. मंग सुपारी फोडू."

मी निवृत्तीकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

मला तेव्हा संताप यायला हवा होता. उठून काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "विचारून सांगतो." एसटीनं परत आलो, नाशिकला द्वारका चौकात उतरलो, कोपऱ्यावर चहा प्यायलो आणि घरी जाऊन जेवलोसुद्धा.

तिसऱ्या रविवारी मी चिमणाबाईला ते सांगितलं. वेडी नव्हती म्हणून लग्न जमतंय आणि वेड्यांच्या इस्पितळात राहिली तरच ते टिकतंय, असलं वाक्य मी कुठल्याही युक्तिवादात घातलं असतं तर न्यायाधीशांनी मला बाहेर काढलं असतं. ती मात्र लगेच म्हणाली, "मंग ऱ्हाते की. त्यात काय? लिवा."

"थांबा," मी म्हणालो. मी वाटेत ठरवून आलो होतो. "कायद्यात नातेवाईक किंवा मित्र असं आहे. निवृत्ती नाही आला तर मी अर्ज करतो, मित्र म्हणून. डॉक्टर लिहून देतील. तुम्ही घोटीला जाऊ नका, इगतपुरीला जाऊ नका. नाशिकला राहा, काहीतरी काम बघू. त्यांना कळायचंही नाही."

"नाशकावनं इगतपुरीला येस्टी जाती का?"

"जाते. दर तासाला."

"मंग नको," ती म्हणाली. "मला ऱ्हावणार नाय. येस्टीत बसून जाईन मी तिकडं."

अंबूबाईनं तोंडाला पदर लावला. मी पेन उघडलं. चिमणाबाईनं सांगितलं आणि मी लिहिलं: मी चिमणाबाई पुंजा. मी इथं माझ्या मर्जीनं राहते. मला न्यायला कुणी येऊ नये. तीन ओळी. खोडण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी वाचून दाखवलं, तिनं मान डोलावली. अंबूबाईनं शाईचं पॅड पुढं सरकवलं.

अंगठा पॅडवर टेकवायच्या आधी चिमणाबाई थांबली.

"तुमी त्येंच्या घरी गेलता. मंगल केवढी झाली?"

मी पेनाला टोपण लावलं.

"माझ्याएवढी असंल का? का बापासारखी ठेंगणी?"

"मी पाहिलं नाही," मी म्हणालो.

"घरात नव्हती?"

घरात होती. चहा तिनंच आणून ठेवला असणार. माझ्या कागदाशेजारी बशी ठेवणारा एक हात आला होता, हिरव्या बांगड्यांचा, आणि मी कागद चहानं भिजेल म्हणून तो बाजूला घेतला होता. आतल्या दारामागं उभं राहून तिनं सगळं ऐकलं असणार. विहिरीचं, मुसळाचं, उंबऱ्याचं. मी मान वर केली नव्हती.

मला सहज सांगता आलं असतं. तुमच्याएवढीच उंच आहे, तुमचंच नाक आहे, केस लांब आहेत. असलं मी झोपेत लिहितो. ती समोर बसून वाट बघत होती.

"होती," मी म्हणालो. "मी बघितलं नाही."

चिमणाबाईनं पॅड बंद केलं. माझ्या हातातून कागद घेतला, घडी घातली आणि चोळीत खोचला.

"जाऊन बघून या," ती म्हणाली. "नीट बघा. उंची बघा. चालती कशी, हसती का, समदं बघा. मला येऊन सांगा. मंग अंगठा देते."

मी उठलो. फाटकाबाहेर आलो आणि मला लाज वाटली. इतकी, की रस्त्याकडेच्या दगडावर थोडा वेळ बसावं लागलं. मग उठून स्टँडवर गेलो आणि घोटीला जाणारी गाडी कधी आहे ते विचारलं.